वानेरा, बालंक्या आणि चिलापी

आमच्या शेततळ्यात बाळंतपण झालं. ते कुणाचं, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

फाल्गुनातली सकाळ. शनिवारची सुट्टी धरून मी नांदेडहून अहमदपूरकडच्या शेतावर मुक्कामाला आलो होतो. आबा तळ्याच्या काठावर उकिडवे बसून पाण्यात टक लावून बघत होते.

"काय बघायलाव आबा?"

"लेकरं," आबा म्हणाले.

काठालगत जिथं कागद उन्हानं तापतो, तिथं गव्हाच्या दाण्याएवढी शे-दोनशे पिल्लं गोळ्यानं फिरत होती. (शेततळ्यात जे जाड काळं प्लॅस्टिक अंथरतात, त्याला आमच्याकडं कागद म्हणतात. हा कागद पाचशे मायक्रॉनचा असतो आणि त्याचं बिल हातात आल्यावर लिहायचा कागदही जड वाटू लागतो.) आपली सावली पडली की तो गोळा फुटायचा आणि सावली सरकली की पुन्हा जमायचा. शाळा सुटताना फाटकापाशी पोरं जमतात तसा.

मी हरखलो. गेल्या श्रावणात मी तळ्यात एक हजार बोटुकली सोडली होती. रोहू, कटला आणि मृगळ. म्हणजे मी आता आजोबा झालो होतो.

लातूर जिल्ह्यात माझं मत्स्यपालन आहे, असं सांगितलं की पुण्या-मुंबईचे लोक आधी हसून घेतात. त्यांचंही चूक नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं, दहा वाघिणी भरून पाच लाख लिटर, आणि ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. ज्या गावाला पाणी रेल्वेनं येतं तिथं मासे बहुतेक पोस्टानं येत असतील, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात त्याच वर्षी 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल आणि पन्नास हजारांपर्यंत अनुदान. आम्ही मागितलं आणि मिळालं. तळं झालं, पाणी साठलं, पाण्यावर डास झाले आणि मग मासे सोडायची कल्पना निघाली.

आता आमचं घर माळकरी. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि आषाढीची वारी चुकलेली मला आठवत नाही. त्यांनी दोन दिवस विचार करून परवानगी दिली ती अशी, "पाळायचं ते माझ्यासमोर पाळ. विकायचं ते माझ्या माघारी." घरातला विरोध मोडला तो मत्स्यव्यवसायाच्या शब्दांनी. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना म्हणतात मत्स्यजिरे. ती बोटभर झाली की बोटुकली. जिरे म्हटल्यावर बायकोला ती फोडणीतली वस्तू वाटली आणि बोटुकली तर आईला चक्क वाळवणाचा प्रकार वाटला.

तर ही नवी पिल्लं कुणाची?

आमचा मुलूख जात ओळखण्यात कच्चा आहे, असं कुणी म्हणू नये. एका बाजूला लाल कंधारी, दुसऱ्या बाजूला देवणी. माळेगावच्या यात्रेत आबांनी नुसतं चालण्यावरून बैलाची आई सांगितलेली मी ऐकली आहे. देवणीतही पुन्हा पोटजाती. अंग पांढरं आणि तोंड काळं तो वानेरा, अंग पांढरं आणि खालच्या अंगाला काळे ठिपके तो बालंक्या, अंगभर वेडेवाकडे काळे डाग तो शेवरा. गावातलं दहा वर्षांचं पोरही यात चुकत नाही. पण पाण्यात बोट घातलं की आमची सगळी विद्या बुडते. पाण्यात जे हलतं ती मासोळी. फार तर लहान मासोळी आणि मोठी मासोळी. दर दोन-तीन वर्षांनी ज्यांचा तलाव भेगाळतो, त्यांनी माशांना नावं ठेवायची तरी कशाच्या भरवशावर?

तरीही सल्ल्याला कुणी कमी पडलं नाही. शेजारचे गुरुजी म्हणाले, "हे गप्पी. हिवतापवाल्यांनी सोडले असणार." डासांच्या अळ्या खायला विहिरी-डबक्यात गप्पी मासे सोडतात, हे त्यांनी वर्गात तीस वर्षं शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्याचा उपयोग होत होता. मी रात्री मोबाईलवर वाचलं. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या साहेबावरून त्याचं नाव पडलं, आणि तो अंडी न घालता थेट पिल्लंच देतो. हे सकाळी सांगितल्यावर आबा एवढंच म्हणाले, "म्हणजे म्हशीसारखं." आणि गप्पीविषयी त्यांचं मत एकदम चांगलं झालं.

माझा सालगडी म्हणाला, मासे पावसातून पडतात. फाल्गुनात पाऊस कुठला, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मागच्या पावसाचे असतील." मेहुणे पुण्याहून फोनवर म्हणाले की अमेरिकेत लोक खासगी तळ्यात मोठे मासे पोसायला मुद्दाम लहान मासे सोडतात. माशांनी खायचे मासे. मी हे घरात कुणाला सांगितलं नाही. माणसानं मासे खावेत की नाही, हाच वाद आमच्याकडं अजून मिटलेला नव्हता.

शेवटी जाणकाराला नमुना दाखवायचा ठरलं. पकडायला जुनी मच्छरदाणी मिळाली, पण ठेवायचं कशात? बायकोनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एकेक भांडं नाकारलं. परात नाही, तांब्या नाही, डबा तर नाहीच नाही. बऱ्याच वाटाघाटींनंतर लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी मिळाली, ती परत आणायची नाही या अटीवर. मी ती पाच वेळा धुतली. तरी तिला कैरीचा वास येत होता. आठ पिल्लं घेतली, तोंडाला फडकं बांधलं आणि नांदेडची एसटी धरली.

लोह्याच्या अलीकडं कंडक्टरची नजर बरणीवर पडली.

"यात काय हाय?"

"तेच विचारायला चाललोय," मी खरं ते सांगितलं.

हे ऐकून पुढच्या चार बाकड्यांवरचे लोक मागं वळले. बरणी हातोहात फिरली. एक म्हातारी म्हणाली, हे झिंगे. मुंबईला गिरणीत राहून आलेले एक गृहस्थ ठामपणे म्हणाले, "बोंबलाची पिल्लं." बोंबील समुद्रात असतो, असं कुणीतरी भीतभीत म्हणालं. त्यावर ते म्हणाले, "लहानपणी कुठंही असतोय." एकानं मळ्या सांगितला, दुसऱ्यानं मरळ, आणि मळ्या मोठा होऊन मरळ होतो का यावर माळाकोळीपासून रंगलेली चर्चा सोनखेड आलं तरी चालू होती. कंडक्टरनं तोवर एक तिकीट जास्त फाडलं होतं. ते पिल्लांचं नव्हतं, एवढंच माझ्या लक्षात आहे.

नांदेडला गोदावरीच्या घाटाजवळ जाळं विणत बसलेले एक भोईमामा मला ठाऊक होते. त्यांचं सगळं आयुष्य गोदावरीत आणि वरच्या विष्णुपुरीच्या पाण्यात गेलेलं. मी बरणी पुढं केली. मामांनी विणकाम न थांबवता एकदाच बघितलं.

"चिलापी."

"रोहू नाही?"

"रोहू कुठली मालक. चिलापी हाय ही. जाळं टाकलं की आधी हीच येती, बाकीची पोरं उपाशी ठेवती." मग बरणीचा वास घेऊन म्हणाले, "लोणच्यात टाकलीव का काय?"

निकाल लागला होता, पण कारण कळलं नव्हतं. जाणत्यांचं हे असं असतं. आबांनाही बैलाची आई कशी ओळखलीत असं विचारलं की ते "दिसतंय की" म्हणतात. कारण सांगायला शाळेत गेलेला माणूस लागतो. तो भाच्याच्या ओळखीतून सापडला. उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातला विद्यार्थी. पुढच्या रविवारी तो मोटारसायकलवर आला, बूट काढले, तळ्याच्या काठावर पालथा झोपला आणि तसाच पडल्या पडल्या माझं आजोबापण काढून घेतलं.

"काका, रोहू-कटला तळ्यात वीतच नाहीत. त्यांना बाळंतपणाला नदीचा पूर लागतो."

मग त्यानं सांगितलं की १९५७ च्या जुलैत ओडिशात हिरालाल चौधरींनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातींना नदीबाहेर अंडी घालायला लावली. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रावर हे काम चालतं आणि म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस. त्याआधी लोक पुराच्या नदीतून पिल्लं धरत, आणि त्यात कुणाची पिल्लं येतील ते नदी ठरवायची. "तुमच्या तळ्यात पूर आला होता का?" त्यानं विचारलं. आमच्या तळ्यात बोअरचं पाणी येतं, तेही लाईट असली तर.

"मग बोटुकली घेताना तरी रोहू कोणता हे ओळखायचं कसं?"

त्यानं क्षणभर विचार केला. "तुमच्याकडं देवणी आहे ना? डाग बघून ओळखता ना? तसंच." शेपटीच्या मुळाशी बघायचं म्हणे. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं आणि शेपटीशी डाग नाही. रोहूच्या ओठाला झालर आणि शेपटीच्या मुळाशी आडवा काळा पट्टा. मृगळ सडपातळ, ओठ पातळ, झालर नाही, आणि पट्ट्याऐवजी काळा ठिपका. आणि चिलापी? तिच्या पिल्लाचा डाग शेपटीशी नसून पाठीवरच्या पराला. त्यानं एक पिल्लू तळहातावर घेतलं, पाण्याचा थेंब टाकला आणि पर उभा केला. काजळाचं बोट टेकवावं तसा तिथं ठिपका होता.

आबा इतका वेळ लांब बसून ऐकत होते. ते उठून आले, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिले. "पट्टा असला की रोहू," ते पुटपुटले, "ठिपका असला की मृगळ, काहीच नाही तो कटला." मग एकदम म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर!" साठ वर्षं ज्या विद्येत ते पारंगत होते, तिचा एक धडा पाण्याखाली राहून गेला होता, याचं त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

चिलापी आमच्याकडं आली ती बोटुकलीच्या पिशवीतून. विकणाऱ्यानं चहाच्या गाळणीनं मोजून दिली होती. पहिली गाळणी शंभर धरायची आणि पुढच्या नऊ गाळण्या भरवशावर. त्या भरवशात चार-दोन चिलापी होत्या. ही मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली. दोन-तीन महिन्यांत वयात येते आणि मग थांबायचं नाव घेत नाही.

पण आबांचं मन फिरलं ते पुढच्या गोष्टीनं. पोरानं सांगितलं की चिलापीची आई अंडी तोंडात धरते. दहा-बारा दिवस. तेवढ्यात ती फारसं काही खातही नाही. पिल्लं निघाली तरी जवळ ठेवते आणि धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. आम्ही काठावर गप्प बसलो. वरून खंड्याची सावली गेली आणि खरोखरच एक तळहाताएवढी मासोळी गोळ्यात घुसली. गोळा नाहीसा झाला.

"गिळली!" आबा ओरडले.

थोड्या वेळानं तिनं तोंड उघडलं आणि पिल्लं एकेक करून बाहेर आली.

"दहा-बारा दिवस उपास?" आबांनी पुन्हा विचारून घेतलं. त्यांची एकादशी साबुदाण्याची असते.

पोरगा आपल्या धंद्याचं बोलत राहिला. चिलापी अशीच वाढू दिली तर रोहूचं खाद्य खाईल, सगळेच मासे खुजे राहतील. उपाय सोपा होता. दोन-तीन मरळ सोडायच्या, त्या पिल्लं खाऊन संख्या आवरतात. मेहुण्यांची अमेरिका अशी फिरून आमच्या बांधावर आली होती. आबांनी त्याला चहा दिला, साखर नीट घातली का विचारलं आणि म्हणाले, "बाळा, तू हुशार हाईस. पण लेकुरवाळीच्या घरात वाघ सोडत नसतेत."

मरळ आली नाही. वैशाखात तळ्याचं पाणी गुडघ्यावर उतरलं. आबा चार दिवस पाहुण्यांकडं गेले आणि त्यांच्या माघारी रोहू-कटला विकला गेला. किलोभर व्हायचे ते जेमतेम अर्ध्यावर अडलेले. हिशोब मी इथं लिहीत नाही, तो बायको वाचेल. आबा परत आले तेव्हा तळाशी नुसता चिखल आणि त्यात तडफडणाऱ्या चिलापी. त्या संध्याकाळी ते हातात बादली घेऊन दोनदा विहिरीकडं गेले, एवढं मी बघितलं. विचारलं नाही.

बंद पाण्यात मासे येतात कुठून, हा जुना प्रश्न आहे. २०२० मध्ये हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी बदकांना कार्प माशांची हजारो अंडी खाऊ घातली. त्यातली अगदी थोडी विष्ठेतून जिवंत बाहेर पडली, काहींतून पिल्लंही निघाली. मग पक्ष्यांमार्फतही मासे पसरू शकतात असं त्यांनी दाखवलं. त्यांना त्यासाठी बदकं लागली. आमच्याकडं आबा होते. आता गावच्या तीन विहिरींत चिलापी आहे, आणि गुरुजी तिन्ही ठिकाणी गप्पी म्हणून दाखवतात.

यंदा पाऊस बरा झाला. तळं भरलं. बोटुकलीवाला पिकअप घेऊन बांधावर आला. अर्ध्या पाण्यानं आणि अर्ध्या ऑक्सिजननं टम्म फुगलेल्या पिशव्या त्यानं सावलीत मांडल्या आणि गाळणी काढली.

"प्युअर रोहू, सर. गॅरंटी."

"गाळणी ठेव बाजूला," आबा म्हणाले. त्यांनी पिशवी उन्हाकडं धरली. मी दुसऱ्या बाजूनं चष्मा लावून वाकलो. पट्टा. पट्टा. ठिपका, म्हणजे मृगळ, चालेल. पट्टा. बोटुकलीवाला एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. त्याला अजून चार गावं करायची होती.

"मालक, मासे घ्यायलाव का देवणी?"

आबांनी उत्तर दिलं नाही. पिशवीच्या कोपऱ्यात एक इवलंसं पोर एकटंच उलट्या दिशेनं पोहत होतं. त्यावर त्यांनी प्लॅस्टिकवरूनच बोट टेकवलं.

"ह्याच्या पाठीवर बघ रे जरा," ते हळूच मला म्हणाले. "आणि त्याला सांगू नको."

मी बघितलं. पराला काजळाचं बोट होतं.