नानांची जैसलमेर नस्ती

नाना जैसलमेरला राहायला जाणार, ही बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये इतकी जुनी आहे की लिफ्ट त्यानंतर बसली आणि आता ती बदलायलाही झाली. नवा भाडेकरू आला की वॉचमन त्याला पाण्याची वेळ सांगतो, कचऱ्याची वेळ सांगतो आणि मग सांगतो, "तिसऱ्या मजल्यावरचे काका जैसलमेरला जाणार आहेत." भाडेकरू अकरा महिन्यांचा करार संपवून निघून जातो. नाना असतात.

नाना पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी धरणं, कालवे आणि चाऱ्या यांत गेली असं ते सांगतात. खरं तर ती नस्त्यांत गेली. कुठलंही काम आधी कागदावर उभं राहिलं पाहिजे, जागेवर ते पुढेमागे राहिलं तर राहील, अशी त्यांची श्रद्धा. घरात मिक्सर घ्यायचा झाला तरी आधी गरज सिद्ध करायची, मग तीन दरपत्रकं, मग तुलनात्मक तक्ता. तोवर वहिनी मिक्सर आणून, त्यात चटणी वाटून, ती ताटात वाढून मोकळ्या झालेल्या असतात. नाना ती चटणी चवीने खात तक्ता पुरा करतात.

वाळवंटाचं खूळ डोक्यात शिरलं ते डिसेंबरात. निवृत्तीनंतर दोघं एका यात्रा कंपनीच्या बसमधून राजस्थान बघायला गेली. ठाण्याच्या पावसात नानांचा दमा उठतो, सांधे धरतात आणि कपाटातला सूट दरवर्षी बुरशीने हिरवा होतो. तिथे सकाळच्या कोवळ्या उन्हात पिवळाधम्मक दगड, कोरडी खडखडीत हवा, आणि समोर रावळ जैसलने 1156 साली वसवलेला किल्ला. नुसता उभा नव्हे, राहता! आत आजही काही हजार माणसं नांदतात, दोऱ्यांवर धुणी वाळतात, देवळांत घंटा वाजतात. नानांनी एका भिंतीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांची भिंत आणि तिला शेवाळ नाही, ओल नाही, पोपडा नाही. खात्यात असताना असं बांधकाम त्यांच्या पाहण्यात आलं नव्हतं. "आपण इथेच राहायचं," ते म्हणाले. वहिनी तेव्हा दुकानदाराच्या बायकोकडून केर-सांगरी शिकून घेत होत्या. केराचा कडवटपणा जायला तो ताकात भिजवून ठेवायचा, एवढं पाठ करून त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

वास्तविक डिसेंबरातलं जैसलमेर बघून घर बदलायला निघणं म्हणजे साखरपुड्याचा फोटो बघून संसाराचा अंदाज बांधणं. पण वाळवंटावर भाळणारा माणूस हमखास डिसेंबरातच भाळतो. मे महिन्यात भाळलेला मनुष्य अजून माझ्या पाहण्यात नाही.

परत आल्यावर नस्ती उघडली गेली. डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार, आणि टिपणीचे दोन भाग: अनुकूल बाबी, प्रतिकूल बाबी. पत्रव्यवहार होता एका वयस्कर जैसलमेरी गृहस्थांशी. गडीसर तलावाच्या वाटेवर त्यांचं अंगण असलेलं छोटं घर भाड्याने द्यायचं होतं. ते दर दिवाळीला फोन करत आणि विचारत, "कब पधार रहे हो, हुकुम?" तीस वर्षं दुसऱ्यांचे हुकूम पाळलेल्या माणसाला कुणीतरी 'हुकुम' म्हणतंय, ही अनुकूल बाब क्रमांक एक. ती लिहिलेली नाही, पण आहे.

लिहिलेल्या बाबींत पहिला मान पाण्याचा. वाळवंटात जाणारा माणूस पाण्याला घाबरतो. नाना पाण्यासाठीच तिकडे ओढले गेले. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलात आमच्याकडे टँकर येतो. जैसलमेरला जेमतेम दोनशेच्या आसपास पडतो, तरी पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी खडीन बांधून तिथे गहू-हरभरा काढला. उताराच्या खडकाळ जमिनीवरून वाहून येणारं पाणी खाली लांबलचक मातीच्या बांधाने अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं, आणि वर ओल राहिली की त्या ओलीवर रब्बी पेरायची. पंप नाही, कालवा नाही, पाणीपट्टी नाही. अनुपम मिश्रांचं 'आज भी खरे हैं तालाब' नानांनी वाचलं आणि दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाले, "अहो, निविदा न काढता!"

इंदिरा गांधी कालव्याची माहिती त्यांना नातेवाइकाच्या आजारपणासारखी तपशीलवार आहे. 1958 साली काम सुरू, हरिकेच्या बंधाऱ्यापासून पाणी, मुख्य कालव्याचं शेपूट जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगढला. शेपटाला पाणी पोचतं का, हा त्यांचा नोकरीभरचा जिव्हाळ्याचा प्रश्न. सुनेने एकदा "बाबा, तिकडे नळाला पाणी असतं का?" एवढंच विचारलं. उत्तर सतलजपासून सुरू झालं. बिचारी कुकर लावून आली होती.

प्रतिकूल बाबी अर्थातच जास्त निघाल्या. पहिली उष्मा. जैसलमेरच्या शेजारच्या फलोदीत 19 मे 2016 रोजी पारा 51 अंशांवर गेला होता. भारतात नोंदलेलं ते सर्वोच्च तापमान. याच फलोदीचा सट्टाबाजार प्रसिद्ध आहे. निवडणुकीपासून पावसापर्यंत तिथे कशावरही पैसे लागतात. नाना येणार की नाही, यावर मात्र तिथला नवशिक्या सटोड्यासुद्धा रुपया लावणार नाही.

"कोरडा उकाडा वेगळा हो," नाना म्हणत. "त्यात घाम येतो, पण जागच्या जागी उडून जातो." हे सांगताना ते बनियन पिळत असत. शेवटी त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. मे महिन्यातल्या एका दुपारी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि जैसलमेरची सवय करत खुर्चीत बसले. अर्ध्या तासाने वहिनींनी पंखा लावला आणि लिंबाचं सरबत पुढे केलं. नस्तीत नोंद झाली: "प्रयोग अनिर्णित. आर्द्रता जुळत नाही."

म्हणून डेझर्ट कूलर आला. वाळवंटात हे यंत्र उत्तम चालतं, कारण कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. ठाण्यात ऑगस्टमध्ये हवाच आधी पाण्याने तुडुंब. ती आणखी पाणी घेणार कुठून? नानांना हे माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं कळतं. तरी त्यांनी ऑगस्टमध्येच कूलर लावून पाहिला, कारण वस्तू ताब्यात घेताना चाचणी आवश्यक असते. आठ दिवसांत बैठकीच्या भिंतीला मिशा फुटल्या. नानांचा दमा उठला. जैसलमेरला जायची निकड वाढली, असा शेरा पडला.

दुसरी प्रतिकूल बाब मासे. नाना सीकेपी. बुधवार, शुक्रवार, रविवार ताटात मासळी नसेल तर त्यांना वार कळत नाही. जैसलमेरला समुद्र नाही. म्हणजे होता, पण ज्युरासिक काळात. 2021 साली शास्त्रज्ञांनी तिथल्या खडकांत सापडलेल्या शार्कच्या दातांवरून एक नवी जात जाहीर केली आणि तिला गावाचंच नाव दिलं: स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस. नाना कात्रण घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"अगं, मोरी मिळाली जैसलमेरला!"

"किती जुनी?"

"सोळा कोटी वर्षं."

"मग आपल्या मार्केटातल्यापेक्षा ताजीच म्हणायची," वहिनी म्हणाल्या.

मुलाने दवाखान्याचा मुद्दा काढला. मोठं इस्पितळ म्हणजे जोधपूरचं एम्स, गाडीने पाचेक तास. हा एकच मुद्दा खरा होता, आणि नानांनी नेमका तोच दोन ओळींत संपवला. माळढोकावर मात्र चार पानं. हा पक्षी आपल्या सोलापूरच्या नान्नजला जवळजवळ दिसेनासा झाला आणि उरलेले बहुतेक आज जैसलमेरच्या माळावर आहेत. "म्हणजे पक्ष्यालाही कळलं कुठे राहावं," असं नानांचं अनुमान. पक्षी सामान बांधून तिकडे गेलेला नाही, तो तिकडचाही आहेच, इकडचे संपले, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी ते प्रतिकूल बाबींत लिहून घेतलं. माळढोकाची मादी एका खेपेला बहुधा एकच अंडं घालते. नानांच्या निर्णयांच्या मानाने ही वीण भरघोसच.

मध्ये एकदा प्रकरण फारच पुढे गेलं. कॅलेंडरात उत्तम मुहूर्त होता, पण त्या दिवशी पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्याचं काम निघालं. वहिनींच्या आईच्या वेळची रीत अशी की मुहूर्तावर स्वतः निघता येत नसेल तर हळकुंड, सुपारी, तांदूळ फडक्यात बांधून ती पुरचुंडी जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची आणि मग सवडीने निघायचं. प्रस्थान ठेवायचं. जैसलमेर ठाण्याच्या उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे. आमचा फ्लॅट नेमका त्या बाजूला. पुरचुंडी आमच्याकडे आली, सोबत एक ट्रंकही. प्रस्थान फार दिवस तसंच ठेवू नये म्हणतात. त्यातल्या तांदळाला पोरकिडे झाले. ट्रंकेवर आम्ही टेबलक्लॉथ घातला, त्यावर आता टीव्ही आहे.

आणि मग तो दिवस उजाडला. टिपणी पुरी झाली होती, अंदाजपत्रक दोनदा सुधारून झालं होतं. नानांनी रिवाजाप्रमाणे नस्ती वहिनींपुढे ठेवली: "आदेशार्थ सादर." वहिनी काय लिहिणार, याची त्यांना खात्री होती. 'कृपया चर्चा करावी', किंवा 'भिशीचं काय?', किंवा निदान 'पुनश्च सादर करावे'. वहिनींनी चष्मा लावला, शेवटचं पान उघडलं आणि भाजीच्या हिशेबाच्या पेनाने लिहिलं: "मान्य."

नाना पांढरे पडले. "अगं, पण तू वाचलंस कुठे सगळं?"

"ऐकलंय की इतकी वर्षं. तुमच्या चर्चेची माझी हौस फिटली. मी भिशी सोडली, सुनेला लोणच्याच्या बरण्या दिल्या. पंधरा तारखेची तिकिटं काढा."

त्रुटी न काढता पहिल्या फेरीत मान्य झालेली नस्ती नानांनी हयातीत पाहिली नव्हती. त्यांचा सगळा डोलारा वहिनींच्या नकारावर उभा होता. अशा माणसांना गाव बदलायचं नसतंच. आपल्याला बदलायचं होतं आणि घरच्यांनी बदलू दिलं नाही, एवढं म्हणायची सोय हवी असते. वहिनींनी ती एका शब्दात काढून घेतली. रात्री नाना आमच्या दारात आले. हातात नस्ती, चेहरा बदलीचा आदेश आल्यासारखा.

"काही नवीन बाबी निदर्शनास आल्या आहेत," ते म्हणाले.

त्या बाबी ऐकण्यासारख्या होत्या. इतकी वर्षं हा माणूस वाळवंटात पाणी नसेल म्हणून चौकशा करत होता. आता पाणी फार म्हणून घाबरला. ऑगस्ट 2006 मध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात असा पाऊस झाला की कवास गाव बुडालं, आणि जमिनीखाली जिप्समचा थर असल्याने पाणी मुरेना, ते कित्येक महिने साचून राहिलं. डिसेंबर 2024 मध्ये मोहनगढजवळ बोअर मारताना जमिनीतून असा लोट उसळला की बोअरची गाडीच आत गेली. आणि तो बिनओलीचा किल्ला? थोडक्या पाण्याच्या वापरासाठी बांधलेला. घरोघरी, हॉटेलांत नळ आले, सांडपाणी टेकडीत मुरलं आणि बुरूज ढासळू लागले. "गळती!" नाना म्हणाले. आवाजात भीती होती, पण बरंचसं समाधानही.

वहिनी मात्र ऐकेनात. "मी एकटी जाते," म्हणाल्या, आणि मला वाटतं गेल्याही असत्या. पण त्याच आठवड्यात घरमालकांचा फोन आला. त्यांनी घर विकलं होतं. मुलगा भाईंदरला धंद्यात, त्याने या म्हटलं, हे सामान आवरून आठवड्यात आले. नाना त्यांना भेटायला गेले तेव्हा जैसलमेरी गृहस्थ सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत उघड्या अंगाने पावसाकडे बघत बसले होते. दमट हवेचं काय, असं नानांनी विचारलं. "बढ़िया है, हुकुम," ते म्हणाले आणि नानांना भजी दिली.

वहिनींनी भिशी परत सुरू केली आहे. केर-सांगरी महिन्यातून एकदा होते, भाईंदरहून येणाऱ्या मालावर. नस्ती बंद झाली असं आम्ही धरून चाललो आहोत. तेव्हा नानांकडे जाल तर एक कृपा करा: लेहला पाऊस जैसलमेरपेक्षाही कमी पडतो आणि लडाख हेसुद्धा वाळवंटच आहे, हे त्यांच्यासमोर बोलू नका. आमच्या घरात आणखी एक ट्रंक ठेवायला जागा नाही.