परभणीचा डेव्हलपर

परभणीत 'डेव्हलपर' म्हटलं की लोक सातबारा मागतात. वसमत रोडला वावर घ्यायचं, एनए करायचं, चुन्याच्या रेघा मारून नारळ फोडायचा. झाला माणूस डेव्हलपर. त्यामुळं आमच्या शेजारचा डेव्हलपर वर्षातून एकदा पुण्याला कॉन्फरन्सला निघाला की गल्ली अदबीनं विचारते, "काय भाव चाललाय तिकडं?"

"फुकट आहे. सगळं ओपन सोर्स."

फुकट म्हणजे टायटल क्लिअर नाही, हे गल्ली लगेच ओळखते.

आमचा हा गडी खत-बियाणांच्या दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअरं करतो. २०११ साली पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं संमेलन, पायकॉन इंडिया, पुण्यात भरलं, तेव्हा पहिल्यांदा गेला आणि कायमचा लागला. नांदेड-पनवेल गाडीत समोरच्या बर्थवाल्याला तो समजावून सांगतो, की पायथॉन हे नाव सापावरून नाही, माँटी पायथन नावाच्या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून पडलंय. बर्थवाला त्याच्या टी-शर्टाकडं बघून विचारतो, "मग हे दोन साप कशाला छापले?" हा प्रश्न २०११ पासून अनुत्तरित आहे.

जाताना बॅग रिकामी, येताना फुगलेली. आत टी-शर्ट, पाण्याच्या बाटल्या आणि लॅपटॉपवर जागा न मिळालेले स्टिकर. त्याच्या बाबांनी डॉकर या सॉफ्टवेअरचा टी-शर्ट कापसातल्या बुजगावण्याला घातलाय. छातीवरचा देवमासा बघून रानडुकरं बिचकतात, असा त्यांचा दावा आहे. देवमाशाचा इतका रोकडा उपयोग त्या हॉलमध्ये कुणालाच सुचला नसेल.

हॉलमध्ये तो कार्यक्रमपत्रिकेवर पेनानं खुणा करतो आणि खूण केलेल्या भाषणांच्या वेळी बाहेर चहापाशी सापडतो. तिथं कुणीतरी विचारतंच.

"कुठं असता?"

"परभणी."

"प्रॉडक्ट की सर्व्हिस?"

"जिल्हा."

चहापाशी उभं राहण्याचा गुण वडिलोपार्जित. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. बाबा तिथं हौसेनं राबले. परिसंवादातलं एक वाक्य त्यांना आठवत नाही, पण मांडवाबाहेर कोण कुणाशी काय बोललं ते तारीखवार सांगतात. जावा, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषा याच साली जगापुढं आल्या. बापाचं संमेलन आणि लेकाच्या धंद्यातल्या भाषा अशा एका सालातल्या.

कॉन्फरन्समध्ये शेवटी 'लाइटनिंग टॉक' असतात. पाच मिनिटं, कुणीही उठावं, बोलावं. हा दरवर्षी यादीत नाव घालायचा आणि जेवण झालं की स्वतःच खोडायचा. गेल्या वर्षी खोडायला गेला तर पेन सापडलं नाही. आधीचा वक्ता लाखो लोक एकाच वेळी ॲपवर आले तर काय, ते सांगून उतरलेला. ह्यानं माइक धरला.

"माझ्याकडं एका वेळी एकच माणूस येतो. युरियाच्या पाच पोत्यांचं बिल चालू असतं, तीन पोती टाइप झालेली, आणि लाइट जाते. तर काय?"

हॉल गप्प. मग त्यानं उकलून सांगितलं: पूर्ण बिलाची वाट बघायची नाही, एक ओळ टाइप झाली की ती आधी डिस्कवर टाकायची, मगच दुसरी घ्यायची. लाइट आली की बिल तिथूनच पुढं. मागून कुणीतरी विचारलं, "आणि बॅकअप?"

"इन्व्हर्टर."

चहापाशी त्याच्याभोवती कोंडाळं जमलं. परतीच्या गाडीत त्यानं बर्थवाल्याला काहीच सांगितलं नाही; यावरून आनंद केवढा होता ते समजावं.

सोमवारी सकाळी दुकानदाराचा फोन आला, "साहेब, बिल निघना गेलंय. सगळं गेलं!" हा गळ्यातला बिल्ला न काढताच गाडीला किक मारून पोचला. दुकानात अंधार, गिऱ्हाईक पोत्यावर बसलेलं. त्यानं काळ्या स्क्रीनकडं बघितलं, मग वर थांबलेल्या पंख्याकडं.

"गेली ती लाइट. बिल आहे तिथंच आहे," म्हणाला आणि दुसऱ्या पोत्यावर बसला. "चहा सांगा."