खड्डा तिथेच, मुरूम टेकाडावर

आमच्या बीबीला शांतता कधी नव्हतीच, त्यामुळे ती गेली अशी तक्रारही कुणी केलेली नाही. गाव मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरचं. इथून जाणारा ट्रकवाला हॉर्न असा वाजवतो, जणू गावात त्याची सासुरवाडी आहे. सोयाबीन निघालं की हडंबा, म्हणजे पुस्तकातलं मळणीयंत्र, दिवस उगवायच्या आत धडधडायला लागतो. लग्नसराईत डीजे, सप्त्यात भोंगा आणि उरलेल्या दिवसांत भंगारवाला. लोणार इथून जवळच. फार फार पूर्वी तिथे आकाशातून उल्का पडली आणि पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं विवर झालं, हे आम्ही पाहुण्यांना घरचं कार्य असल्यासारखं सांगतो. तेव्हा आवाज केवढा झाला असेल, असं मी एकदा आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "आपल्याकडं कुणाला ऐकू गेला नसंल. हडंबा सुरू असंल."

अशा गावात बसून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. मीटिंगमध्ये मी बोलायला लागलो की समोरचे लोक अदबीनं विचारतात, "सर, आपण विमानतळावर आहात का?" तो आमचा कूलर असतो. शेवटी मी गोंगाट खाऊन टाकणारे हेडफोन घेतले. किंमत आप्पांना निम्मी सांगितली. त्या निम्म्या किमतीतही बकरी आली असती, असं ते म्हणाले.

हे यंत्र करतं काय, ते आप्पांना समजावून सांगताना मलाच पहिल्यांदा नीट कळलं. आवाज म्हणजे हवेतली लाट. रस्त्यासारखी, एकदा उंचवटा, एकदा खड्डा. हेडफोनला बाहेरून बारीक छिद्रात माइक असतो. तो येणारा आवाज टिपतो आणि आतलं सर्किट बरोबर त्याच्या उलटा आवाज तयार करून कानात सोडतं. बाहेरच्या खड्ड्यावर आतला उंचवटा, बाहेरच्या उंचवट्यावर आतला खड्डा. दोन्ही एकमेकांत जिरतात आणि कानाला सपाट रस्ता लागतो.

"म्हणजे खड्ड्यात मुरूम," आप्पा म्हणाले.

"तेच."

"आन् मुरूम येळेवर येतो?"

नेमका प्रश्न होता. कूलर, पंखा, ट्रकचं इंजिन हे जाड, एकसुरी आवाज. त्यांचे खड्डे लांब आणि ठरलेल्या अंतरावर, तिथे मुरूम बरोबर पडतो. बारीक, तीक्ष्ण, मध्येच उसळणारे आवाज इतक्या झपाट्यानं बदलतात की मुरमाची गाडी पोचेपर्यंत खड्ड्याच्या जागी टेकाड आलेलं असतं. माणसाचं बोलणं बरंचसं या दुसऱ्या जातीचं. याचा परिणाम मला पहिल्याच दुपारी कळला. हेडफोन लावले, बटण दाबलं. कूलर गेला. पंखा गेला. रस्ता गेला. आणि त्या धुतल्या तांदळासारख्या शांततेत आप्पांचा आवाज आला, "तुरीवर फवारा कधी मारतो?" आजवर निम्मं बोलणं कूलर खात होता, म्हणून आमचे संबंध बरे होते.

पहिला बिघाड दोन वर्षांनी झाला, हमी संपल्यावर आठ दिवसांत. कानावरच्या गाद्यांचं कातडं सोलपटायला लागलं. ते खरं कातडं नसतंच, कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर असतो, आणि घाम त्याचा वैरी. बुलडाण्याचा मे महिना त्या कारागिरांनी बहुधा हिशेबात धरला नव्हता. काळ्या खपल्या माझ्या कानामागे, मानेवर, एकदा वरणात. आईनं गाद्या मोजल्या आणि जुन्या चोळीच्या खणाच्या दोन खोळी शिवून दिल्या, काठासकट. हेडफोन डोहाळजेवणाला निघाल्यासारखे दिसायचे. पण कूलर परत आला. कापडातून हवा जाते, आणि गादी कानाभोवती घट्ट बसली नाही तर जाड आवाज त्याच फटीतून आत शिरतो. ज्या आवाजांवर यंत्राचा सगळा भरवसा, त्यांनाच आईनं खणाचं दार उघडून दिलं होतं. हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. मी नव्या गाद्या मागवल्या आणि खोळी मीटिंगपुरत्या कॅमेऱ्यासमोर वापरल्या. पुण्यात त्यांचं फार कौतुक झालं.

दुसरा बिघाड शिट्टीचा. डाव्या कानात अचानक कुकरसारखी शिट्टी. हडंब्याच्या दिवसांत गावावर भुशाचा पडदा असतो, तोच माइकच्या छिद्रात बसला होता. इथे कोरडा, मऊ टूथब्रश हळूच फिरवायचा असतो, एवढंच. मी टाचणी घातली. छिद्र दिसलं की त्यात काहीतरी घालून बघायचं, ही माणसाची फार जुनी खोड आहे. शिट्टी थांबली. का थांबली, ते पुढे कळलं.

आणि मग डावी बाजू साफ मुकी झाली.

सेवाकेंद्राला फोन केला. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांनी मला बटण दहा सेकंद दाबून धरायला सांगितलं, मग पंधरा सेकंद, आणि शेवटी नवे हेडफोन घ्यायला सांगितलं.

त्या रात्री मला अमर बोस यांच्या गोष्टीनं धीर दिला. हेडफोन त्यांच्या कंपनीचे नव्हते, पण माणूस आपल्या गोत्रातला वाटला. वडील बंगाली क्रांतिकारक, इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून निसटून १९२० साली अमेरिकेत गेलेले. मुलगा फिलाडेल्फियात वाढला, आणि महायुद्धात वडिलांचा धंदा बसला तेव्हा त्या पोरानं घरी लोकांचे रेडिओ दुरुस्त करून हातभार लावला. पुढे प्राध्यापक झालेले हेच बोस १९७८ साली झुरिकहून परतताना विमानात हेडफोन लावून बसले आणि इंजिनाच्या घरघरीपुढे काही ऐकूच येईना. दुसरा कुणी असता तर हवाईसुंदरीला बोलावलं असतं. यांनी वही काढली आणि विमान उतरायच्या आत गणित मांडलं. कल्पना तशी जुनी, पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ सालीच तिचं अमेरिकी पेटंट मिळालेलं. पण वैमानिकांना विकत मिळेल असा हेडफोन बोस यांच्या कंपनीनं १९८९ साली आणला. विमानातल्या घरघरीपासून दुकानापर्यंत अकरा वर्षं. मी मनाशी म्हटलं, आपल्याला तर फक्त एक तार जोडायची आहे.

सकाळी ओट्यावर पाट मांडला. स्क्रू सापडत नव्हते, ते गादीखाली लपवलेले असतात. गादी उपसताना शेजारचे काका आले. कानावरची वाटी उघडेपर्यंत त्यांचा नातू, दूध घालायला आलेला पोरगा आणि रस्त्यानं जाणारे आणखी तिघं. शांततेचं यंत्र उघडलं आहे म्हटल्यावर आमच्या ओट्यावर एवढा गलका झाला की आई आतून ओरडली, "कोण गेलं रे?"

दोष लगेच सापडला. कमानीचा सांधा जिथे दुमडतो तिथे केसाएवढी तार तुटली होती. दुमडून दुमडून तारा तिथेच तुटतात. मी सोल्डर लावलं. धरेना. पुन्हा लावलं. तार चकचकीत तांब्याची दिसत होती, पण सोल्डरचा थेंब तिच्यावरून अळवावरच्या पाण्यासारखा घसरत होता. मी यूट्यूब लावलं. नातू म्हणाला, "वाइंडिंगवाल्या दादाला बोलवा ना."

वाइंडिंगवाले दादा म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी भरणारा माणूस. रात्रीची लाईट येते, मोटर जळते, आणि गावातली अर्धी पिकं त्यांच्या हातावर जगतात. त्यांनी ती तार नखावर घेऊन उन्हात धरली.

"ही आपलीच तार हाये. लहानपणीची." मग माझ्याकडे बघून, "वार्निश कोण काढणार?"

तांब्यावर वार्निशचा थर असतो, आणि तो जाळल्याशिवाय किंवा खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. दादांनी आगपेटीच्या काडीनं टोक क्षणभर भाजलं, पुसलं, आणि सरकून बसले. पुढचं श्रेय मलाच मिळावं एवढा त्यांचा मोठेपणा. मी तांबडी आणि सोनेरी अशा दोन्ही तारा जोडल्या, गादी बसवली, हेडफोन लावले, बटण दाबलं.

कूलर अंगावर आला. उजवा कान शांत, आणि डाव्यात कूलर, हडंबा, ट्रक सगळे दुप्पट जोमानं, वर काहीतरी हंबरल्यासारखं. मी हेडफोन फेकूनच दिले. काकांनी लावले, त्यांनीही फेकले. दूध घालणाऱ्या पोराला मात्र मजा वाटली, त्यानं दोनदा लावले.

दादांनी लावलेही नाहीत. बिडी पेटवत म्हणाले, "तारा उलट्या लावल्या ना भाऊ. दोन फेजची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते का नाई? तसंच हे."

अगदी तसंच होतं. तारांची अदलाबदल झाली की उलटा आवाज पुन्हा उलटा होतो, म्हणजे सुलटाच. बाहेरच्या उंचवट्यावर आतूनही उंचवटाच येऊन पडतो.

आप्पा इतका वेळ खुर्चीत गप्प होते. आता म्हणाले, "म्हंजे खड्डा तिथंच, आन् मुरूम टेकाडावर. हे काम आपण पाह्यलं हाये. दर वर्षी पाहतो."

ओट्यावरचे सगळे हसले. मी तारा बदलल्या.

हंबरणं थांबलं. दोन्ही बाजूंना गाणं सुरेख वाजायला लागलं. बोस झुरिकहून उतरले असतील तेवढ्या आनंदात मी बटण दाबलं, तर उजवीकडचा कूलर गेला, डावीकडचा तसाच. तेव्हा टाचणी आठवली. छिद्राच्या आत माइकचा पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा नाजूक. शिट्टी थांबली होती, कारण मी शिट्टी ऐकणाऱ्यालाच भोसकलं होतं; कूलर दुप्पट ऐकू येईपर्यंत त्याच्यात धुगधुगी होती, तारा बदलेपर्यंत तीही गेली. डाव्या बाजूला आता मुरूम आहे, गाडी आहे, पण खड्डे बघायला कुणी नाही.

दादांनी पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, आणि एवढ्याशा मोटारीचे मी किती दिले ते विचारलं. मी निम्मी किंमत सांगितली. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. का कुणास ठाऊक, त्यांना बकऱ्या दोन दिसायला लागल्या असाव्यात.

तर आता माझी उजवी बाजू शांत आहे आणि डाव्या बाजूला बीबी. मीटिंगला तेवढं पुरतं. कूलर आम्ही डावीकडून उजवीकडे हलवला, म्हणजे निदान तो तरी जिरावा. त्याच दिवशी आप्पांनी आपली खुर्चीही उचलली आणि कूलरच्या शेजारी, माझ्या उजव्या हाताला आणून ठेवली.

"इकडं कामून?" आईनं विचारलं.

"इकडून त्याला साफ ऐकू जातं," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "हां, तर तुरीचं काय करू राहिला?"