मेस्त्री, हे चालंल का?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भंगाराची दुकानं पुष्कळ आहेत, पण आपला सुटा भाग भंगार आहे हे मान्य करणारा माणूस मला तिथं अजून भेटलेला नाही. इंजिनाचा क्रँक आणला की मेस्त्री जर्नलवरचं तेल पुसतात आणि अंगठ्याचं नख आडवं फिरवतात. नख अडकलं नाही, तर ‘चालतंय की!’ अडकलं, तर ग्राइंडिंग: दहा थाऊ (म्हणजे हजारांश इंच), मग वीस, मग तीस. सिलिंडर झिजला तर बोअर मारून मोठा पिस्टन, तेही संपलं की लायनर. त्यानंतर तरी सुटका? छे! फौंड्री शेजारीच. ब्लॉक फोडून भट्टीत, आणि तेच लोखंड पुन्हा कुणाच्या तरी उसाला पाणी पाजायला हजर.

ही सगळी दयामाया गोल वस्तूंसाठी आहे बरं का. गोल झिजलं तर थोडं लहान किंवा मोठं गोल करता येतं. फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थानं नेमकं तेच मोडलं. १९५७ साली एनएसयू कंपनीत फिरलेल्या त्याच्या इंजिनात पिस्टनच नाही. कमरेत दबलेल्या घरात तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन टोकांच्या सीलपट्ट्या भिंतीला सतत घासतात. पट्टी तुटली की भिंत खरवडली, आणि त्या भिंतीला बोअर मारणार कसा? एनएसयूची आरओ ८० गाडी १९६७ साली आली. तिचे मालक रस्त्यात भेटले की बोटं वर करून कितवं इंजिन चालू आहे ते एकमेकांना सांगत, अशी दंतकथा आहे. हेच इंजिन बनवणाऱ्या जपानच्या माझदा कंपनीत केनिची यामामोतो यांच्या चमूला भिंतीवर लाटांसारखे चरे दिसले, त्यांना त्यांनी सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटलं. म्हणजे तिथं नखसुद्धा मेस्त्रीचं नव्हतं! पट्ट्यांचा माल बदलून त्यांनी ते निस्तरलं आणि १९९१ साली माझदानं ल मान्सची शर्यतही मारली.

अशा खरवडलेल्या घराचा फोटो मी एका मेस्त्रींना दाखवला.

“लायनर कुठं बसतोय?”

“बसत नाही.”

“पिस्टन?”

“नाही.”

“व्हॉल्व्ह?”

“तेही नाहीत.”

“मग बिघडतंय काय ह्यात?”

मी सीलपट्ट्यांचं सांगितलं. त्यांनी फोटो मोठा केला, सवयीनं काचेवरच नख फिरवलं.

“हे टाका. नवीनच ओतू. पॅटर्न तेवढा आणा, आणि शनिवारी या.”

कुठल्या शनिवारी, ते मी विचारलं नाही.