आधी पोरांचे प्रश्न

दृढीकरणाच्या वर्गात आपण पोरांकडून उत्तरं पाठ करून घेतो. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा विश्वासांगीकार. पाळकांनी विचारायचं, पोरानं घडाघडा म्हणायचं, मंडळीच्या वडीलजनांनी माना डोलवायच्या. मग पहिलं प्रभुभोजन, फोटो, घरी बिर्याणी. त्यानंतर ते पोरगं थेट नाताळला दिसतं. तेव्हा आपण मोबाइलला शिव्या देतो.

मोबाइलचा काय दोष? नववीतल्या मुलीला तिचा प्रश्न तुम्ही कधी विचारला होता का?

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती पोरांचे प्रश्न उघड आहेत. मित्रानं जोतिबाचा प्रसाद पुढे केला, तर खाऊ का? आजीसाठी सगळ्या मंडळीनं प्रार्थना केली, तरी ती का गेली? आणि सर्वांत टोचणारा: आमचे पणजोबा ज्या वस्तीतून आले, तिथल्या माझ्या मित्राला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, मला का नाही?

या तिसऱ्या प्रश्नावर आपल्याकडचे शिक्षक घड्याळाकडे बघतात. सरळ सांगा ना! 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळपास फक्त हिंदूंनाच दिला. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, त्या नगरीतल्या पोरीला हा प्रश्न पडणारच. आणि तिला हेही विचारू द्या, की मंडळीत आल्यावर तरी जात खरंच गेली का? सोयरीक जुळवताना काय होतं, ते पोरं बघत असतात.

प्रसादाचा प्रश्न तर पवित्र शास्त्रातच आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय उघडा. मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं का, यावरच पौल बोलतो. मूर्ती काही नाही हे ज्ञान खरं, पण त्या ज्ञानानं दुर्बळ भावाला ठेच लागू नये, असं बजावतो. पोरांना तो अध्याय वाचू द्या, भांडू द्या. दोघांची उत्तरं वेगळी निघाली तर निघू द्या.

प्रश्नांना भिणारी ही परंपरा नव्हेच. गोव्यात साष्टीला मुलांची धर्मशिकवणी आटोपल्यावर एका ब्राह्मणानं पाद्रीबुवांना विचारलं, की या नव्या धर्माचं आमच्या भाषेत एखादं पुराण का नाही? त्या मागणीतून फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण उभं राहिलं, 1616 मध्ये छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्यांचं. प्रॉटेस्टंट दृढीकरणाचा विधी मार्टिन बुत्सरनं जर्मनीतल्या हेसेन प्रांतात 1538-39 च्या सुमारास आखला, तोही विरोधकांनी घेरल्यामुळे. तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यात बाळाचा निर्णय कुठे आहे, असं ते विचारत होते. प्रश्न रास्त होता म्हणून तर मोठं झाल्यावर पोरानं स्वतः होकार द्यायचा हा विधी आला. आज तोच विधी आपण पोराचा निर्णय न विचारता उरकतो.

पोरांच्या ताकदीवर अविश्वास, हे आणखी एक दुखणं. रेव्हरंड रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथंच जन्मला. 1886 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सुवार्तिक मूडी यांच्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी परदेशी मिशनकार्याला तयार झाले, त्यामागे विशीतला हा कोल्हापूरचा मुलगा होता. पोरांनी पोरांना गाठलं होतं. आपल्या तरुण संघाला मात्र आपण खुर्च्या मांडायलाच बोलावतो.

म्हणून वर्ग नववीच्या जूनमध्ये सुरू करा आणि निदान ईस्टरपर्यंत चालवा. दहावीच्या मुलाला सहा रविवारांत कोंबण्यात अर्थ नाही. त्याच्या डोक्यात बोर्ड असतं. प्रत्येक मुलामागे मंडळीतला एक मोठा माणूस द्या, आईबाप सोडून, ज्याच्याशी ते चहा पीत बोलू शकेल. महिन्यातून एकदा सीपीआर रुग्णालयाच्या वॉर्डात न्या, ज्यांना भेटायला कुणी येत नाही त्यांच्यापाशी. पंचगंगेला पूर आला, तर चिखल उपसायला हीच पोरं पुढे असू देत. पाठांतरही हवं, अडचणीच्या रात्री तोंडपाठ प्रार्थनाच कामी येते. पण ते प्रश्नांच्या मागून यावं.

आणि शेवटी एखादी मुलगी म्हणाली, 'मला अजून खात्री नाही,' तर तिला थांबू द्या. आईला फोन नको, कुजबुज नको, 'लोक काय म्हणतील' नको. पुढच्या जूनमध्ये तिची खुर्ची राखून ठेवा, आणि तोवर दर रविवारी तिच्याशी बोला.