'प्रीपोन'वर फुली मारणाऱ्या सरांना
टेमघर, भिवंडी

आदरणीय सर,



शेजारच्या मुलाच्या वहीत 'प्रीपोन'वर तुम्ही मारलेली लाल फुली पाहिली. फुली कसली, पानाला भोक पडलंय. बाजूला शेरा, 'असा शब्दच नाही', आणि अर्धा गुण कापलेला. केवढी ही इंग्रजीची राखण! खुद्द ऑक्सफर्डवाल्यांना जमली नाही. त्यांनी तो शब्द केव्हाच कोशात घेऊन टाकला. २०२० साली तर शिकणाऱ्यांच्या कोशात 'चाळ' आणि 'डबा'ही घेतले. तुम्ही त्यांना नोटीस धाडाच.

त्या मुलाचा बाप गोदामात सुपरवायझर. 'डिस्पॅच प्रीपोन झालाय' असं तो फोनवर म्हणतो आणि आठचा टेम्पो सहालाच दारात उभा राहतो. ड्रायव्हर बिचारा अडाणी, असा शब्दच नाही हे त्याला कुठे ठाऊक? आणि सर, गेली चाचणी दोन दिवस अलीकडे आणल्याचं तुमच्याच क्लासने पालकांना कोणत्या शब्दात कळवलं होतं? आम्हाला तर लगेच समजलं.

तुमचा दुसरा लाडका नियम, वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन नको. तो ज्यांच्या नावावर खपवला जातो ते बिशप रॉबर्ट लाउथ. १७६२ साली त्यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि तळटिपांत शेक्सपिअर-मिल्टनच्याही चुका काढल्या. म्हणजे तुमच्याच जातकुळीचे. पण बंदी त्यांनीही घातली नव्हती. गंभीर लिखाणात ते टाळलेलं बरं, पण आपल्या भाषेचा कलच तसा आहे, असं त्यांनी म्हटलं. आणि हा कल सांगणारं उपवाक्य संपवलं ते प्रीपोझिशननेच! तुमच्याकडे नापास झाले असते.

मराठीचं एक वेळ समजतं. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. भांडायचंच तर जीआर दाखवता येतो. इंग्रजांनी असं मंडळ कधी नेमलंच नाही. मग तुमची नेमणूक कुणी केली?

आता तुमची बाजू. सगळे बोलतात म्हणून 'ही डोन्ट' बरोबर ठरतं का? प्रश्न रास्त आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, अशी कितीतरी माणसं घरीदारी तसंच बोलतात, तरी परीक्षेत ते चूकच. कारण वापर मोजतात तो डोकी मोजून नव्हे. छापील पानावर आणि ऑफिसच्या खुर्चीत बसलेल्यांचा तेवढा धरतात. त्यांच्यात एकट्या माणसाला 'दे' (they) म्हणणं रुळलं, आणि मेरियम-वेबस्टर कोशाने २०१९ या वर्षाचा शब्द म्हणून 'दे' निवडला. आपल्याकडे आगरी पोर 'पानी' म्हणालं की वर्ग हसतो, न्याय तोच.

तेव्हा 'ही डोन्ट'वर खुशाल फुली मारा, पोराला नोकरी लागायचीय. फक्त शेजारी 'मुलाखतीत चालणार नाही' असं लिहा. 'असा शब्दच नाही' हे कुठेच नको. उद्या पोराने कोश उघडला तर बाप फी परत मागेल.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

टेमघरचा एक शेजारी