लहान दुकानदार की जय!

भारतात लहान दुकानदाराला शत्रू नाही. पक्ष कोणताही घ्या, उजवा, डावा किंवा सोयीप्रमाणे कूस बदलणारा. त्याच्या व्यासपीठावरून कोपऱ्यावरच्या वाण्याविरुद्ध एक शब्द निघालेला कोणी ऐकला नसेल. उद्योगपती त्याला भागीदार म्हणतात, अर्थतज्ज्ञ त्याला अर्थव्यवस्थेचा कणा म्हणतात, आणि 'स्थानिक दुकानदारांना साथ द्या' हा संदेश सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पुढे ढकलणारे गृहस्थ ते पुण्यकर्म आटोपल्यावर त्याच फोनवरून कोथिंबिरीची जुडी मागवतात, तीही दहा मिनिटांत. एवढे प्रेम वाट्याला आलेला माणूस सुखात असायला हवा. तो सुखात नाही, आणि त्याचे खापर मोठ्या दुकानांच्या साखळ्यांवर फोडण्याची आपल्याला सवय झाली आहे. मला त्यात अर्धेच तथ्य दिसते. गेल्या वीस वर्षांत मोठे विरुद्ध लहान असा जो वाद आपण घातला, त्यात लहानाची आरती सगळ्यांनी ओवाळली आणि नैवेद्याचे ताट दर खेपेला मागच्या दाराने दुसऱ्याच घरी गेले. मागचे दार कोणी फोडले नाही. नियम लिहिणाऱ्यांनीच ते उघडे ठेवले होते.

पुरावा संसदेचाच घेऊ. 2011 च्या नोव्हेंबरात मनमोहन सिंग सरकारने अनेक ब्रँडांच्या किरकोळ व्यापारात 51 टक्के परकीय गुंतवणुकीला मंजुरी दिली, गदारोळ झाला आणि पंधरवड्यातच निर्णय बासनात गेला. 2012 च्या सप्टेंबरात तो पुन्हा बाहेर निघाला. ममता बॅनर्जींनी सरकारचा पाठिंबा काढला. 20 सप्टेंबरला भारत बंद झाला. म्हणजे लहान दुकानदाराचा धंदा वाचावा म्हणून लहान दुकानदाराने दिवसभर धंदा बंद ठेवला. 5 डिसेंबरला लोकसभेत मतदान झाले आणि विरोधाचा ठराव 218 विरुद्ध 253 मतांनी पडला. समाजवादी पक्ष आणि बहुजन समाज पक्ष या दोघांनीही भाषणांत या निर्णयावर कडाडून टीका केली होती. मतदानाची वेळ येताच दोघेही सभात्याग करून बाहेर पडले. दोघांचे मिळून 43 खासदार होते. 218 मध्ये 43 मिळवले की किती होतात आणि ते 253 पेक्षा जास्त की कमी, हे उधारीची वही सांभाळणाऱ्या कोणालाही बोटांवर सांगता येईल.

मंजूर धोरणात लहानाच्या रक्षणासाठी अटींची भक्कम तटबंदी होती. दुकाने दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत, गुंतवणूक किमान दहा कोटी डॉलर, त्यातली निम्मी तीन वर्षांत गोदामे-शीतगृहे वगैरेंवर, 30 टक्के खरेदी लघुउद्योगांकडून, आणि या सगळ्यावर राज्य सरकारची संमती. महाराष्ट्राने ती देऊनही टाकली होती. ही तटबंदी बघून टेस्को तेवढी टाटांच्या ट्रेंटचा हात धरून आत आली. कार्फूरने तर 2014 मध्ये इथली घाऊक दुकानेही आवरली. त्याच वर्षी जाहीरनाम्यात या गुंतवणुकीला विरोध नोंदवून भाजप सत्तेवर आला. धोरण त्यांनी रद्द केले नाही आणि वापरलेही नाही. लग्नात आलेल्या भिंतीवरच्या घड्याळासारखे ते कपाटात राहिले. मग 2018 मध्ये वॉलमार्टने 16 अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा घेतला. यात बेकायदा काही नव्हते. इंटरनेटवर इतर विक्रेत्यांना जागा देणाऱ्या कंपनीत शंभर टक्के परकीय पैसा चालेल, फक्त तिने स्वतःचा माल विकू नये, असा नियम 2016 मध्येच झाला होता. म्हणजे अमेरिकी कंपनीने नाशकात शटर वर केले असते, तर 51 टक्क्यांची मर्यादा, मुंबईची परवानगी आणि शीतगृहाची सक्ती. शटरच बसवले नाही तर यातले काहीच नाही. 2018 संपता संपता सरकारने नियम आणखी आवळले, आपली भागीदारी असलेल्या विक्रेत्याचा माल आपल्याच मंचावर विकायला कंपनीला मनाई झाली, आणि दुकानदारांच्या संघटनांनी पेढे वाटावेत असे वातावरण तयार झाले. तट तेवढा उंच झाला. ज्या बाजूने वर्दळ होती त्या बाजूला तो मुळात नव्हताच.

परकीय पैशाच्या या भांडणात देशी पैशाकडे बघायला कोणाला सवड झाली नाही असे मात्र म्हणता येणार नाही. रिलायन्सने 2006 मध्ये हैदराबादेत ताज्या भाजीची दुकाने उघडली, तेव्हा पुढच्याच वर्षी रांचीत भाजीविक्रेत्यांनी त्या दुकानांची मोडतोड केली आणि उत्तर प्रदेशात मायावतींच्या सरकारने ती बंद करायला लावली. काचा फुटल्या, फोटो छापून आले. पण वाण्याचे दुखणे समोरच्या दुकानाच्या काचेत नाही, स्वतःच्या खरेदीच्या बिलात आहे. दुपारी एजन्सीचा पोरगा मोटरसायकलवरून येतो, गल्ल्याला टेकून फोनवर ऑर्डर टिपतो आणि म्हणतो, "शेठ, साबणावर या आठवड्यात स्कीम आहे, दोन पेट्या टाकू?" शेठचे उत्तर ठरलेले असते. तोच साबण डी-मार्टमध्ये गिऱ्हाइकाला ज्या भावाने मिळतो, तो पुष्कळदा शेठच्या खरेदीच्या भावाहून कमी असतो. म्हणून कित्येक दुकानदार आपला काही माल डी-मार्टमधूनच भरतात: ट्रॉली घेऊन, चारचौघांसारखे रांगेत उभे राहून, 'एका ग्राहकास इतकेच नग' या पाटीखाली. शत्रूच्या छावणीतून रसद आणून लढणारे सैन्य जगाच्या इतिहासात दुर्मीळ असावे. 1 जानेवारी 2022 पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला, तोही याच कारणाने: आम्हाला एक भाव आणि ऑनलाइन घाऊकवाल्यांना दुसरा का? प्रश्न रास्त होता. सारख्या मालाला खरेदीदारानुसार वेगळा भाव लावण्यावर बंधन घालणारा कायदा वॉलमार्टच्या मायदेशात 1936 पासून आहे. त्याची अंमलबजावणी तिथेही ढिली आहे, हे खरे. आपल्याकडे या प्रश्नावर ना भारत बंद झाला, ना कोणी सभात्याग केला. बिलातल्या चार टक्क्यांवर आवेशपूर्ण भाषण करणे अवघड असते.

आता ग्राहकाची हरकत, आणि ती वजनदार आहे. वाण्याचे दुकान टिकावे म्हणून मी दोन पैसे जास्त का मोजावेत? मोजू नयेत. डी-मार्टने 2002 मध्ये पवईत पहिले दुकान काढले तेव्हापासूनचा हिशेब सरळ आहे: जागा शक्यतो स्वतःची, पुरवठादाराचे पैसे लवकर, सजावट बेताची, माल रोज खपणारा. यातून तूरडाळ किलोमागे स्वस्त होत असेल तर महिन्याचे सामान एकदम भरणाऱ्या नोकरदाराने तिथे जावे. त्याला देशद्रोही ठरवायचे कारण नाही. शिवाय वाणीही काही संत नव्हे. तो बिल देत नाही, छापील किमतीखाली एक रुपया उतरत नाही, आणि त्याच्या दुकानात सकाळी सात ते रात्री दहा राबणाऱ्या गड्याला किमान वेतन हा शब्द कोणी सांगितलेला नसतो. पण स्वस्ताईच्याही जाती असतात. काटकसरीतून आलेली स्वस्ताई वेगळी, आणि गुंतवणूकदाराचा पैसा जाळून आणलेली वेगळी. घरपोच कोथिंबीर देणाऱ्या कंपन्यांपैकी बऱ्याच अजून तोट्यात आहेत. तोट्यात दुकान चालवायला वाण्यालाही आवडेल, फक्त तेवढा काळ त्याचा वीजमीटर चालू ठेवणारा भांडवलदार त्याला भेटत नाही. शेजारची दुकाने मिटेपर्यंत फुकट पोचवणी आणि नंतर पोचवणीचे दर, हा क्रम ओळखायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरी हरकत अशी की गेली वीस वर्षे वाणी बुडणार, बुडणार म्हणून टाहो फुटतो आहे आणि वाणी जागच्या जागी आहे. उलट चेन्नईची सुभिक्षा सोळाशेच्या आसपास दुकाने उघडून 2009 मध्ये मान टाकून पडली, आणि ज्या बिग बाजारने कोपऱ्यावरचा वाणी संपेल असे भाकीत करणाऱ्यांना विषय पुरवला, त्याची दुकाने 2022 मध्ये रिलायन्सने ताब्यात घेतली. सगळे खरे. पण टिकला म्हणजे बरे चालले असे नव्हे. वाणी टिकतो कारण दुकान पागडीचे किंवा बापजाद्यांचे असते, गल्ल्यावर बायको-मुलगा पगाराविना बसतात, आणि महिनाअखेर वहीवर लिहून माल देण्याची जोखीम दुसरे कोणी घेत नाही. पाच रुपयांचे तेल, एक रुपयाची शाम्पूची पुडी, सुटी पावशेर साखर: रोजंदारीवरच्या माणसाची खरेदी रोजच्या रोजाइतकीच असते आणि तिच्यासाठी ट्रॉली लागत नाही. हे गिऱ्हाईक वाण्याकडे राहिले, ते मोठ्यांना नको होते म्हणून. महिन्याचे सामान भरणारे घर निघून गेले आणि उधारीचे घर उरले, या व्यवस्थेला आपण लहान दुकानदाराची चिवट झुंज म्हणून दिवाळी अंकांत गौरवतो.

वाण्याकडे निदान शटर आहे. त्याच्याहून लहान जो, म्हणजे पथारीवाला, त्याच्यासाठी संसदेने 2014 मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि कागदावर तो इतका चांगला आहे की वाचताना डोळे पाणावतात. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवू नये. जप्त केलेला नाशवंत माल मागितल्यास त्याच दिवशी परत करावा. मुंबईची 2011 ची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. अडीच टक्क्यांचा हिशेब तीन लाखांच्या वर जातो. पालिकेने 2014 मध्ये पाहणी केली, सुमारे 99 हजार अर्ज आले, त्यातले पात्र ठरले सुमारे 15 हजार. ज्या नगर पथविक्रेता समितीने जागा ठरवायच्या, तिच्या निवडणुकीचे मतदान 2024 च्या ऑगस्टमध्ये झाले. कायदा आणि मतपेटी यांच्यात दहा वर्षे. या दहा वर्षांत 'गाडी आली रे' ही आरोळी ऐकताच भाजीवालीने पथारीची चार टोके एका मुठीत धरून, मेथी-पालकासकट, गल्लीत नाहीसे होण्याचे तंत्र परिपूर्ण केले. दहा मिनिटांत माल पोचवण्याला नवउद्योग म्हणतात. दहा सेकंदांत अख्खे दुकान उचलण्याला अतिक्रमण म्हणतात.

याच दहा वर्षांत घरपोच कंपन्यांची गोदामे शहरात पसरली. त्यांत गिऱ्हाईक शिरत नाही म्हणून ती दुकाने नव्हेत, आणि रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर आहेत म्हणून ती औद्योगिक गोदामेही नव्हेत. अन्न परवान्यासारखे नियम त्यांना लागू आहेत, आणि 2025 च्या जूनमध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या अशा एका गोदामाचा परवाना बुरशी आणि अस्वच्छतेवरून निलंबित केलाही. यंत्रणा मनात आणले की काम करते, एवढे त्यातून सिद्ध झाले. पण परवाना निलंबित व्हायला आधी परवाना मिळावा लागतो, आणि तिथेच भाजीवालीची गोष्ट थांबते. तिला नियम नकोत असे नाही. नियमात बसायला ती पावती मागत फिरते आहे.

पदपथ चालणाऱ्यांचा आहे, ही शेवटची आणि सर्वांत खरी हरकत. दादर स्थानकाबाहेर संध्याकाळी सहाला उतरणाऱ्या बाईला पथारीवाल्याच्या हक्कांवर प्रवचन ऐकवू नये. तिला चालायला वाट मिळावी म्हणूनच विक्रीच्या आणि विक्रीस मनाईच्या जागा आखायची तरतूद कायद्यात आहे; आखणीच झाली नाही म्हणून चालणारी आणि विकणारी रोज एकमेकींच्या अंगावर येतात, आणि आखणी न करणारा दोघींच्याही नजरेआड राहतो. शिवाय पदपथ मोकळा करायचाच असेल तर सगळ्यांकडून करावा. घरपोच गोदामासमोरच्या पदपथावर संध्याकाळी मोटरसायकलींची रांग लागते, पिशव्या तिथेच मोजल्या जातात, पोरे तिथेच उकिडवी बसून पुढच्या ऑर्डरची वाट बघतात, आणि आजी-आजोबा रस्त्यावर उतरून पुढे जातात. पालिकेची गाडी तिथूनही जाते. ती थांबत नाही, कारण ही मंडळी पदपथावर काही विकत नाहीत, फक्त पोचवतात.